कुठलीही फाइल चालेल

सदाशिवरावांचा फोन आला तेव्हा मी वर्गात वेबसाइटची सुरक्षा हाच धडा शिकवत होते. ही थट्टा कुणी जुळवून आणली मला माहीत नाही, पण झकास जुळवली.

सदाशिवराव म्हणजे आमच्या मैसूरच्या शिंपी समाजाचे सेक्रेटरी. वय बहात्तर, आवाज पंचविशीतला. त्यांचा फोन कानापासून वीतभर लांब धरूनच ऐकावा लागतो.

"सुप्रीता, हे काय गं? आपल्या साइटवर बूट विकायला लागलेत!"

"कसले बूट?"

"मला काय गोत्तु? जपानी का चिनी, काहीतरी लिहिलंय. बेंगळूरचा जावई फोन करून विचारतोय, मामा, शिलाई सोडून चपलांचं दुकान घातलं काय? वर विठ्ठलाचा फोटो आणि खाली बूट! अय्यो, मर्यादे गेली की सगळी!"

पोरांना पुढचं पान वाचायला सांगून मी स्टाफरूममध्ये आले आणि लॅपटॉप उघडला. खरंच होतं. वर आमच्या देवळातला विठ्ठल कमरेवर हात ठेवून उभा, आणि त्याच्या पायाखाली रांगेनं पांढरे, निळे, गुलाबी बूट. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईनं अशा वेळी काय करावं? आधी साइट बंद करावी, मग बाकीचं बघावं. हे मी दरवर्षी साठ पोरांना शिकवते, परीक्षेत त्याला चार मार्क ठेवते. मी तसं काहीच केलं नाही. मी आधी अव्वाचं पान उघडलं.

पान सापडत नाही, असं उत्तर आलं.

अव्वा म्हणजे माझी आई, शांताक्का. ती जाऊन वर्ष झालं होतं. त्या पानावर तिचा आवाज होता, अकरा मिनिटांचा. तेवढाच होता. आमच्या घरात लग्नांचे फोटो ढिगानं आहेत, पण बोलणारी अव्वा दुसरीकडे कुठेही नाही. आणि माझे अप्पा, म्हणजे वडील, रंगराव, रोज सकाळी लष्कर मोहल्ल्यातलं दुकान उघडलं, देवापुढे दिवा लावला की फोनवर तो आवाज लावायचे आणि मगच मशीनवर बसायचे.

ती साइट मीच बनवली होती, पाच वर्षांपूर्वी. आमची मराठी पुण्याच्या माणसानं ऐकली तर तो आधी हसतो आणि मग, तुम्ही मूळचे कुठले, असं विचारतो. आम्ही मूळचे इथलेच. किती पिढ्यांपासून, ते आम्हालाही नीट सांगता येत नाही. या बोलीत मराठी किती आणि कन्नड किती, हे वेगळं करायला गेलं तर सगळं कापडच उसवायचं. माझी मुलगी चैत्रा भूक लागली एवढं मराठीत सांगते, पुढचं कन्नडमध्ये, आणि भांडण इंग्लिशमध्ये. तेव्हा मला वाटलं, म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांचं बोलणं जमा करावं. साइटचं नाव ठेवलं 'आमचा आवाज'. त्यावर एक फॉर्म: फोनमध्ये बोला, फाइल इथे टाका.

असा फॉर्म कुणी स्वतः लिहीत बसत नाही. तयार मिळतो, त्याला प्लगिन म्हणतात, साइटला जोडला की झालं. फुकटचा होता. मी जोडला आणि त्यात नियम घातला की आधी नाव आणि फोन नंबर लिहायचा, मगच फाइल घेतली जाईल. कमिटीच्या बैठकीत सदाशिवराव उसळले.

"आपल्या माणसाला दारात नाव विचारायचं? एकादशीला देवळात कोण आला, कुठला, आपण विचारतो काय? येतो, बसतो, भजन म्हणतो, जातो. इथं पण तसंच पाहिजे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. खोटं कशाला बोलू, मला ते बोलणं फार आवडलं होतं. लहानपणी देवळाच्या दाराशी आमच्या फ्रॉकवर प्रसादाचं तूप सांडायचं आणि कुणाही म्हातारीच्या पदराला हात पुसले तरी ती रागवायची नाही, तेव्हाचं काहीतरी आठवलं. नियम काढून टाकला.

दुसरी चूक अव्वासाठी केली.

तिच्याकडे बटणांचा जुना फोन होता. एके दिवशी मे महिन्यात ती दुकानात ओट्यावर बसून त्यात बोलली. बन्नूरहून लग्न होऊन आली तेव्हाचं सगळं. बन्नूरच्या बाजारात तिच्या वडिलांचंही शिलाईचंच दुकान, पण तिथं ब्लाउज आणि लुंग्या, इथं लष्कर मोहल्ल्यात शाळेचे युनिफॉर्म. एप्रिल उजाडला की आमच्या घरात माणसांना बसायला जागा नसायची. निळ्या चड्ड्यांची चळत, पांढऱ्या शर्टांची चळत, आणि मधे बोळ. अप्पा कापायचे, दोघं कारागीर शिवायचे, अव्वा आणि आजी काज करायच्या, आणि मी डब्यांच्या झाकणांत बटणं निवडायची, दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी. कोळशाच्या इस्त्रीचा वास शाळा सुरू होईपर्यंत माझ्या केसांतून जायचा नाही. शाळेत पहिल्या दिवशी मी मैत्रिणींच्या काजांकडे बघायची, आणि कुठलं आजीचं, कुठलं अव्वाचं ते मला ओळखता यायचं. आता त्या गल्लीत तयार कपड्यांची दुकानं आहेत, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले युनिफॉर्म बाहेर टांगलेले असतात, आणि त्यांची काजं सगळी सारखी.

तर अव्वा हे सगळं बोलली, मागे अप्पांच्या मशीनचा आवाज चालूच होता, आणि ती फाइल मी साइटवर टाकायला गेले तर फॉर्मनं नाकारली. जुन्या फोनची फाइल, असला प्रकार चालणार नाही म्हणाला. फाइल बदलून नव्या प्रकारात आणायला मला पाच मिनिटं लागली असती. पण मी म्हटलं, माझ्या आईसारख्या अजून पन्नास म्हाताऱ्या असतील, त्यांच्याकडेही तसलेच फोन, त्यांना कोण बदलून देणार? प्लगिनच्या सेटिंगमध्ये एक चौकट होती: कुठलीही फाइल चालेल. मी तिथे टिक केली.

आता कुठलीही म्हणजे काय, तर कुठलीही. आवाज, फोटो, आणि प्रोग्रामसुद्धा. शिवायला म्हणून टाकलेल्या गाठोड्यात एखादा माणूस लपून यावा आणि दुकान बंद झाल्यावर उठून आतली कडी काढावी, तसं. फॉर्मनं गाठोडं सोडून बघायचं नाही आणि कोण देऊन गेला तेही विचारायचं नाही, असं आम्हीच ठरवून ठेवलेलं.

आणि तिसरी चूक, जी मी स्वतःला माफ करत नाही. प्लगिन बनवणाऱ्यांना हे भोक ठाऊक झालं होतं. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी दुरुस्त केलेला नवा प्लगिन काढला आणि सगळ्यांना कळवलं, ताबडतोब बदला. मी बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला अप्पांचा फोन.

"सुप्री, अव्वा येईना."

साइटवर आवाज वाजवायचं कामही त्याच प्लगिनचं, आणि नवा जुन्या प्रकारच्या फाइली वाजवतच नव्हता. तेव्हा अव्वाला जाऊन चार महिने झाले होते. अप्पांचा तो आवाज ऐकून मी कॉलेजच्या जिन्यातच बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि दहा मिनिटांत जुना प्लगिन परत घातला. मनात म्हटलं, रविवारी फाइल बदलून घेईन आणि मग नवा घालीन. असे बत्तीसेक रविवार आले आणि गेले.

स्टाफरूममधून मी होस्टिंगवाल्यांना फोन लावला. म्हणजे ज्यांच्या मशीनवर आमची साइट राहते ती बेंगळूरची छोटीशी कंपनी. कुशल नावाचा मुलगा बोलला, कन्नडमध्ये, फार नम्र. अर्ध्या तासानं त्यानंच परत फोन केला.

"मॅडम, सापडलं. तुमच्या फॉर्ममधून एक प्रोग्राम टाकलाय, महिन्यापूर्वी. तीन आठवडे नुसता बसून होता. मग एके दिवशी त्यानं हजारो पानं बनवली, बुटांची. तुमच्या प्लॅनमध्ये जागा थोडी आहे, म्हणून त्यानं आधीचा फोल्डर रिकामा केला."

"आधीचा म्हणजे?"

"आवाज होते ना तुमचे, तो. दोनशे चौदा फाइली."

"बॅकअप?"

"आम्ही सात दिवसांचे ठेवतो, मॅडम. आठव्या दिवशी सगळ्यात जुना पुसला जातो. फाइली उडाल्या त्या मागच्या आठवड्यातल्या मंगळवारी. आज अकरा दिवस झाले. चार दिवस आधी कळलं असतं तर सगळं परत मिळालं असतं."

बाकीच्यांची मला तेवढी काळजी नव्हती. बहुतेकांच्या फोनमध्ये आपापलं रेकॉर्डिंग असणार, परत मागता आलं असतं. पण अव्वाचा फोन तेराव्यानंतर आम्ही तिच्या साड्यांबरोबर देऊन टाकला होता. कॉलेजच्या कॉम्प्युटरवरची प्रत उन्हाळ्याच्या सुट्टीत मशीन साफ केली त्यात गेली, आणि मी तेव्हा म्हटलंही होतं, जाऊ दे, साइटवर आहेच. कॉम्प्युटर शिकवणारी बाई!

आणि एक गोष्ट मला कळेना. मंगळवार. अकरा दिवस. अप्पा रोज सकाळी सव्वानऊला ते पान उघडतात. मग त्यांनी मला फोन कसा केला नाही? मागच्या वेळी तर दुसऱ्याच दिवशी केला होता. आजारी असावेत, फोन बिघडला असावा, काय काय मनात आलं. मी दुपारची सुट्टी टाकली, स्कूटर काढली आणि थेट लष्कर मोहल्ल्यात.

अप्पा ठणठणीत होते. कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत बसले होते. एकोणऐंशी वर्षांचे आहेत, आता एवढीच कामं घेतात. मला बघून चष्मा कपाळावर सरकवला.

"ये की. या टायमाला? कॉलेज इल्वा, सुट्टी काय?"

"अप्पा, अव्वाचं रेकॉर्डिंग वाजत नाही ना?"

"हं. नाही वाजत."

"कधीपासून?"

"झाले की दहाबारा दिवस."

"मग सांगायचं नाही का मला?" माझा आवाज चढलाच. "मागच्या खेपेला लगेच फोन केलात ना? या खेपेला काय झालं तोंडाला? चार दिवस आधी सांगितलं असतं, नुसतं एक वाक्य, तरी मिळाली असती ती! आता नाही मिळणार. गेली. कायमची गेली!"

अप्पांनी पँट खाली ठेवली. माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं.

"म्हणजे तू नाही काढलीस?"

"मी कशाला काढू?"

"त्या आधीच्या रविवारी वर्षश्राद्ध झालं," अप्पा सावकाश म्हणाले. "पंगतीत सदाशिवराव म्हणाले ना, वर्ष झालं, आता शांताक्काला मोकळं करा, रोज रोज हाक मारून अडकवून ठेवू नका. तू वाढत होतीस. तू म्हणालीस, हो मामा, खरं आहे. मग मंगळवारी बघतो तर नाही. मला वाटलं, सुप्रीनं काढली. बरोबरच केलं. तुला पण जड गेलं असेल. परत विचारून तुला आणि कशाला त्रास द्यायचा? सुम्ने बसलो, गप्प."

मी हो म्हणाले होते. वाढताना माणूस काय वाटेल त्याला हो म्हणतो, हातात पायसाचं भांडं असतं. सदाशिवराव काय बोलले ते मी धड ऐकलंही नव्हतं. आणि हा माणूस अकरा दिवस, रोज सकाळी दिवा लावून, रिकामा फोन बाजूला ठेवून मशीनवर बसत होता. माझ्यासाठी गप्प राहत होता.

मी ओट्यावर बसले आणि रडले. रस्त्यावरून माणसं जात होती, समोरचा इस्त्रीवाला बघत होता, बघू दे म्हटलं. मग सगळं सांगितलं. ती चौकट, ती टिक, तो नवा प्लगिन मी काढून जुना घातला ते. सगळं माझ्यामुळे झालं, असंही म्हणाले.

अप्पांना त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक. त्यांनी एवढंच विचारलं, "तिची फाइल घेत नव्हता म्हणून तू दार उघडं ठेवलंस?"

"हो."

"मग ठीक आहे."

"काय ठीक आहे, अप्पा? काहीच ठीक नाही!"

"साकु गं," ते म्हणाले. म्हणजे पुरे आता. उठून त्यांनी माठातलं पाणी आणून दिलं.

पाणी पिताना मला सुचलं. अप्पांनी ती अकरा मिनिटं रोज ऐकली होती, वर्षभर. आमच्या देवळात म्हातारी माणसं एक पान न बघता रात्रभर अभंग म्हणतात, तसं यांनाही हे पाठ असणारच. मी फोन काढला, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि त्यांच्यापुढे धरला.

"अप्पा, अव्वा काय बोलायची ते तुम्ही म्हणा. जसं आठवेल तसं. निदान शब्द तरी राहतील."

अप्पांनी फोनकडे बघितलं. मग मान हलवली.

"तिचं मला कुठं येतं गं. मला माझं येतं."

"तुमचं काय? त्यात तुम्ही नाहीच. नुसतं मशीन वाजतंय."

"तेच की." त्यांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. "त्या दिवशी ती बोलत होती, मधे मधे मला विचारत होती. ओ, ऐकतायसा काय? ती बस कुठल्या रंगाची होती, आठवतं काय? मी मान वर केली नाही. शाळा उघडायला आठ दिवस होते, दीडशे शर्ट राहिले होते. ती विचारत राहिली, मी मशीन मारत राहिलो. ती गेल्यावर पहिल्यांदा ऐकलं ना, तेव्हा मलाच लाज वाटली. मग रोज सकाळी उत्तर द्यायला लागलो."

मला हे माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं, ते नुसतं ऐकतात.

"ते म्हणा मग," मी म्हणाले. "तुमचंच म्हणा."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, शर्टाची कॉलर सारखी केली. नजर ओट्याकडे होती, मी बसले होते त्याच्या थोडी बाजूला.

"हं. ऐकतोय, बोल."

मग थांबले. चांगले मिनिटभर थांबले. बाहेर रिक्षा गेली.

"लाल नव्हती गं, हिरवी होती. तुला उलटी झाली होती श्रीरंगपट्टणच्या फाट्यावर. नाही? बन्नूरच्या वाटेवर श्रीरंगपट्टण कुठलं, खरं आहे तुझं. मग ते दुसऱ्या वेळी."

पुन्हा थांबले. आता गालात हसत होते. कशाला हसले ते मला आठवेना, अव्वा तिथं काय बोलायची ते मला आठवेना, आणि त्या क्षणी मला स्वतःचा जेवढा राग आला तेवढा त्या बुटांच्या पानांपुढेही आला नव्हता.

"तुझं काज माझ्या अम्मापेक्षा चांगलं होतं," अप्पा म्हणाले. "ती असताना कसं म्हणणार? ती गेल्यावर म्हणायला पाहिजे होतं. राहून गेलं."

आणि मग ते गप्प झाले. एक मिनिट गेलं, दीड गेलं. डोळे भरले होते, हात चाकावर तसाच. संपलं, असं मला वाटलं. मी फोन जवळ घेतला, बटणावर बोट नेलं आणि हळूच म्हटलं, "अप्पा, झालं?"

त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला.

"थांब," ते म्हणाले. "तिचं व्हायचंय अजून."